नीसमध्ये भर गावात फ्लॅट घेऊन राहायचं असेल तर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसला हॉटेल घ्यायचं की फ्लॅट, हा प्रश्न मराठी कुटुंबात बहुतेक वेळा सकाळच्या चहावर आणि रात्रीच्या वरणभातावर येऊन सुटतो. आई-वडील बरोबर आहेत, मुलं लहान आहेत, मुक्काम चार रात्रींहून मोठा आहे, तर फ्लॅट घ्यावा. दोन रात्रींसाठी मात्र त्या भानगडीत पडू नये. साफसफाईचं शुल्क एकरकमी असतं, ते दोनच रात्रींवर पडलं की हॉटेल स्वस्त ठरतं. शिवाय किल्ल्या घेण्या-देण्याची धावपळ असते ती वेगळीच.

फ्लॅट घ्यायचा ठरलं की एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: फोटो घराचे असतात, त्रास इमारतीचा होतो. गादी, पडदे, कॉफी मशीन सगळीकडे सारखंच. जिना, लिफ्ट, दाराचं कुलूप, गिझरची टाकी, खालच्या रस्त्यावरचे बार आणि वरचं छप्पर यांवर तुमची सुट्टी ठरते, आणि यातलं फोटोत काहीच दिसत नाही. तेव्हा घर निवडताना आधी इमारत निवडायची.

आधी तारखा

नीसचे भाडेदर शेजारच्या गावांमुळेही वर जातात. मे महिन्यात कानचा चित्रपट महोत्सव, त्यानंतर मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत (२०२५ पर्यंत मेअखेरीस, २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला). त्या दिवसांत कान आणि मोनॅकोत जागा न मिळालेले लोक नीसमध्ये उतरतात. फेब्रुवारीत नीसचा स्वतःचा कार्निव्हल असतो. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा फ्रान्स किनाऱ्यावर असतो. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या मे महिन्यात, त्यामुळे महाराष्ट्रातून जाणारी कुटुंबं हटकून महाग आठवड्यात सापडतात, आणि वर समुद्राचं पाणीही तेव्हा गारच असतं. मुलांच्या शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला: पाणी उबदार, गर्दी ओसरलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पावसाचे महिने, ते लक्षात असू द्या.

‘भर गावात’ म्हणजे नक्की कुठे

नीसचा नकाशा सोपा आहे. दक्षिणेला समुद्र आणि त्याच्या कडेने जाणारा ‘प्रोमनाद दे झांग्ले’ हा लांबलचक किनारी रस्ता. उत्तरेला रेल्वे स्टेशन, ‘नीस-व्हिल’. दोघांना जोडणारा सरळ हमरस्ता म्हणजे झाँ मेद्सॅं. स्टेशनपासून समुद्र दीडेक किलोमीटर, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. या रस्त्याच्या खालच्या टोकाला लाल इमारतींचा ‘प्लास मासेना’ हा मोठा चौक. चौकाच्या पूर्वेला जुनं गाव, त्याच्यामागे किल्ल्याची टेकडी, टेकडीपलीकडे बंदर. एवढ्या तुकड्यातलं काहीही मध्यवर्तीच म्हणायचं. पण त्यातही फरक आहेत, आणि ते बरेच आहेत.

जुनं गाव, म्हणजे व्यू नीस, फोटोंत सगळ्यात देखणं दिसतं: पिवळ्या-तांबड्या भिंती, अरुंद गल्ल्या, वर दोरीवर वाळणारे कपडे. पण तिथे टॅक्सी दारापर्यंत येत नाही, बॅगा दगडी फरशीवरून ओढाव्या लागतात, बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही आणि गल्लीतले बार मध्यरात्र उलटली तरी चालू असतात. दोघंच तरुण असाल तर जरूर राहा. साठीच्या पुढचे आई-वडील असतील तर तिथे फिरायला जा, राहायला नको.

मासेनापासून पश्चिमेला, समुद्र आणि मोठ्या दुकानांच्या मधला भाग ‘कारे दॉर’ या नावाने ओळखला जातो. इमारती चांगल्या, लिफ्ट मिळण्याची शक्यता जास्त, भाडं त्या मानाने चढं. त्याच्या उत्तरेला रस्त्यांना संगीतकारांची नावं असलेला मुझिसियाँ हा भाग. माझ्या मते कुटुंबासाठी हाच सगळ्यात सोयीचा. रात्री शांत, रस्ते सपाट, स्टेशन आणि समुद्र दोन्हीकडे चालत जाता येतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या उंच छताच्या इमारती. हिवाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्या युरोपीय श्रीमंतांमुळे हे शहर असं घडलं, आणि त्याच कारणाने २०२१ मध्ये नीसचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

स्टेशनच्या अगदी समोरच्या गल्ल्या स्वस्त आहेत. मोनॅको, मांतों, आंतीब, कान अशा रोजच्या सहली ठरवल्या असतील तर सोयीच्याही, पण रात्री जरा कळकट वाटतात. स्टेशनच्या उत्तरेला लिबेरासियाँ हा भाग पर्यटकांनी फारसा न बघितलेला. तिथला सकाळचा बाजार मोठा आणि ट्राम दारात, पण समुद्र लांब पडतो. बंदराकडची बाजू आणि गॅरिबाल्डी चौक हल्ली तरुण मंडळींचा आवडता. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला गॅरिबाल्डी १८०७ मध्ये याच शहरात जन्मला. नीस कायमचं फ्रान्सकडे आलं ते पुढे १८६० मध्ये. सिमिये हा टेकडीवरचा भाग सुरेख आहे, पण रोज चढ चढायची तयारी असेल तरच.

जाहिरात वाचताना

फ्रान्समध्ये घर खोल्यांवर मोजतात, आणि त्या मोजणीत दिवाणखानाही एक खोली धरतात. स्वयंपाकघर आणि न्हाणी धरत नाहीत. म्हणजे ‘दे प्येस’ किंवा टी-२ लिहिलेलं घर हे आपलं वन बीएचके, टी-३ म्हणजे टू बीएचके. ‘स्टुडिओ’ म्हणजे एकच खोली. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला पावणेअकराने गुणलं की चौरस फूट मिळतात. तीस चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. ‘चार जणांची झोपायची सोय’ असं त्याच घराबद्दल लिहिलेलं असेल तर दोघं पलंगावर आणि दोघं रोज रात्री उघडायच्या सोफ्यावर, असा अर्थ घ्या. ‘क्वॅं न्वी’ लिहिलेलं दिसलं तर ती खोली नसते, पलंगापुरता कोनाडा असतो, बहुधा बिनखिडकीचा. ‘मेझानिन’ म्हणजे माळा. शिडीने चढायचं, आणि वर ताठ उभं राहता येईलच असं नाही.

मजल्यांची मोजणी सुदैवाने आपल्यासारखीच आहे: तळमजला वेगळा, त्यावर पहिला. पण ‘सां झासान्सर’ हे शब्द दिसले की थांबा, याचा अर्थ लिफ्ट नाही. जुन्या इमारतींत मजल्यांची उंची आपल्या हल्लीच्या बिल्डिंगांपेक्षा जास्त, त्यामुळे तिथला चौथा मजला पायांना पाचवा-सहावा वाटतो. लिफ्ट आहे म्हटलं तरी ती बऱ्याचदा जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली असते. दोन माणसं आणि एक बॅग, संपलं.

सगळ्यात वरचा मजला दिसायला मोहक. छपरावरून समुद्र दिसतो, पण उन्हाळ्यात छप्पर दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री खोलीत उतरते. एसीसाठी जाहिरातीत ‘क्लिमातिझासियाँ’ हा शब्द हवा. नुसता पंखा दिला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ते घर सोडून द्या. छताचा पंखा तिकडच्या घरांत क्वचितच असतो. ‘व्ह्यू मेर लातेराल’ म्हणजे बाल्कनीत उभं राहून मान वळवली की समुद्राची पट्टी दिसते. ज्या समुद्रावर दहा मिनिटांत चालत जाता येतं, त्याच्या पट्टीसाठी जादा पैसे देऊ नयेत असं माझं मत. प्रोमनादच्या बाजूच्या घरांत रहदारीचा आवाजही असतो. मागच्या अंगणाकडे तोंड असलेली बेडरूम हजार पटीने बरी.

पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ सोडून द्या. आवाज, जिना, गरम पाणी, वास आणि किल्ली हे पाच शब्द शोधा. एकच तक्रार दोन वेगवेगळ्या महिन्यांत दिसली की ती खरी.

पैसे, परवानगी आणि व्हिसाचे कागद

पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराची नीसमध्ये पालिकेकडे नोंदणी लागते आणि तो क्रमांक जाहिरातीत द्यावा लागतो. नीसच्या जाहिरातींवर वर्षानुवर्षं दिसत आलेले हे आकडे-अक्षरं मिळून तेरा खुणांचे क्रमांक ०६०८८ ने सुरू होतात, तो नीसचा पालिका-संकेतांक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सने याबाबतचा कायदा आणखी कडक केला. क्रमांकच नसलेलं घर स्वस्तात मिळत असेल तरी घेऊ नका. ऐनवेळी बुकिंग रद्द झालं तर भर हंगामात दुसरं घर शोधत बसायची वेळ तुमच्यावर येते.

दर बघताना नुसता रात्रीचा दर पाहू नका. साफसफाई, संकेतस्थळाचं शुल्क, कधीकधी चादरी-टॉवेलचे वेगळे पैसे, आणि शिवाय ‘ताक्स द सेजूर’ हा माणशी रात्रीमागे लागणारा पर्यटन कर. अठरा वर्षांखालच्या मुलांना हा कर नसतो, तेव्हा बुकिंग करताना मुलांची संख्या वेगळी भरा. पैसे नेहमी संकेतस्थळावरूनच भरावेत. ‘थेट खात्यात पाठवा, दहा टक्के कमी करतो’ म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणायचं.

अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी कार्डावर रोखून ठेवतात, कापत नाहीत. त्यासाठी क्रेडिट कार्ड लागतं. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर हे बऱ्याचदा अडतं. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालू नसतात, तेव्हा निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू करून मर्यादा वाढवून ठेवा.

व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो. फ्लॅटचं बुकिंग चालतं, पण त्या कागदावर पूर्ण पत्ता, तारखा आणि प्रवास करणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. संकेतस्थळावरून निघणाऱ्या पावतीवर बऱ्याचदा एकट्या बुकिंग करणाऱ्याचंच नाव येतं. बाकीची नावं घालून घ्या, नाहीतर मालकाकडून तसं लेखी पत्र मागवा. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा. आणि मालकाने पोहोचल्यावर पासपोर्टची माहिती भरून सही मागितली तर गोंधळून जाऊ नका. परदेशी पाहुण्यांसाठी तो पोलिसांचा फॉर्म भरून घेणं त्याला कायद्याने भाग आहे.

पक्कं करण्याआधी मालकाला हे विचारून घ्या, लेखीच: लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते आणि तिथवर पोहोचायच्या आधी किती पायऱ्या आहेत? बेडरूमची खिडकी रस्त्याकडे की अंगणाकडे? गरम पाण्याची टाकी किती लिटरची? शेगडी इंडक्शनची आहे का? किल्ल्यांचे किती जुडगे मिळतील? पाच प्रश्नांची नीट उत्तरं देणारा मालक अडचणीच्या वेळी फोनही उचलतो, असा साधारण अनुभव आहे.

पोहोचण्याचा दिवस

विमानतळ गावाच्या पश्चिमेला, अगदी समुद्रालगत. दोन्ही टर्मिनलपासून ट्रामची दुसरी लाईन सुटते, गावात शिरल्यावर जमिनीखालून धावते आणि झाँ मेद्सॅं, गॅरिबाल्डी करत बंदराजवळ संपते. पंचवीस-एक मिनिटांत मध्यात. तिकीट चढण्याआधी यंत्रातून घ्यायचं आणि चढल्यावर ते यंत्राला लावायचं. खिशात तिकीट आहे पण लावलं नाही, तर तपासनीस दंड करतो. पहिली लाईन स्टेशन, मासेना आणि जुनं गाव अशी जाते, तिच्यासाठी झाँ मेद्सॅंला बदलायचं. चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा. विमानतळ ते मध्य नीस हा दर ठरलेला आहे, मीटरवर नाही. बसण्याआधी तो आकडा ड्रायव्हरच्या तोंडून ऐकून घ्या.

घर साधारण दुपारी तीन-चारला मिळतं. आपल्याकडून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे येणारं विमान सकाळी उतरत असेल तर मधले तास बॅगांचं काय करायचं हे आधीच ठरवा. स्टेशनच्या परिसरात बॅगा ठेवून घेणारी दुकानं आहेत.

दार, किल्ली आणि जिना

पाहुण्यांची फजिती सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

पत्ता पूर्ण मागवा. रस्ता आणि नंबर पुरत नाही. इमारतीला ‘बाटिमाँ ए, बी’ असे भाग असतात, आत दोन जिने असतात, आणि मजल्यावर दारांना नंबरच नसतात. ‘तिसरा मजला, डावीकडचं दार’ अशीच खूण असते. खाली रस्त्यावरच्या दाराला अंकांचा कोड, आणि आत इंटरकॉमच्या पाटीवर फक्त आडनावं. फ्लॅट क्रमांक शोधत बसाल तर सापडणार नाही. पाटीवर कुणाचं नाव आहे ते मालकाला विचारा, ते त्याचं स्वतःचं असेलच असं नाही. नंबरापुढे ‘बिस’ असेल, जसं १२ बिस, तर ते १२ नंबरच्या शेजारचं वेगळं दार असतं.

आत शिरलात की जिन्यात अंधार. भिंतीवर बारीक दिवा असलेलं बटण दिसेल ते दाबा. जिन्यातला दिवा ठराविक वेळाने आपोआप विझतो, आणि तो विझतो नेमका तुम्ही दोन मजल्यांच्या मधे, हातात बॅग घेऊन उभे असताना. म्हणून प्रत्येक मजल्यावर बटण परत दाबत जायचं, आणि आई-वडिलांना पुढे घालून आपण मागे राहायचं.

आता घराचं दार. बाहेरच्या बाजूला बहुधा हँडल नसतं, नुसती न फिरणारी मूठ असते. दार मागे ओढलं गेलं की आपोआप बंद, मग किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं म्हणून चपला घालून बाहेर पडलात आणि वाऱ्याने दार लागलं की जिन्यात उभे. दुसरी गंमत अशी की आतल्या बाजूने किल्ली कुलपात तशीच राहिली असेल तर बऱ्याच कुलपांत बाहेरून दुसरी किल्ली फिरतच नाही. मालकाकडे जादा जुडगा असूनही उपयोग शून्य. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम: किल्ली कुलपात ठेवायची नाही, दाराशेजारच्या खुंटीला लावायची, आणि बाहेर पडणाऱ्याने हातात घेतल्याशिवाय दार ओढायचं नाही. जाताना किल्ली पूर्ण फेरे घेऊन फिरवा, नुसतं ओढून घेतलेलं दार उघडणं चोराला फारसं अवघड नाही. काही दारांना वर-खाली-मधे तीन ठिकाणी कडी बसते. तिथे हँडल आधी वर उचलावं लागतं, मगच किल्ली फिरते. घर दाखवताना मालकाकडून हे एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या.

आणि तरीही अडकलात तर आधी मालकाला फोन. खाली टपालपेट्यांवर ‘तातडीची सेवा’ म्हणून लावलेल्या किल्लीवाल्यांच्या चिठ्ठ्यांवरचा नंबर फिरवू नका. चिठ्ठी सरकारी वाटावी म्हणून तिच्यावर फ्रेंच झेंड्याचे रंगही असतात. असे लोक चांगलं कुलूप फोडून शेकडो युरोंचं बिल हातात ठेवतात, फ्रान्समध्ये हा जुनाच धंदा आहे.

न्हाणीत मोरी नसते

टबाबाहेर सांडलेलं पाणी वाहून जायला जमिनीत जाळी नसते. ते फरशीच्या फटींतून थेट खालच्या घराच्या छतावर उतरतं आणि मग विम्याचे कागद भरावे लागतात. तेव्हा बादली-तांब्याची अंघोळ टबातच उभं राहून, पडदा टबाच्या आत घेऊन. फरशी धुण्याचा विचारही नको. संडास बऱ्याच घरांत वेगळा, आणि त्यात जेट नसतो. प्लास्टिकचा मग बॅगेत टाका किंवा पाण्याची रिकामी बाटली ठेवा, पाणी मात्र भांड्याबाहेर जाऊ देऊ नका. जुन्या गावात काही संडासांना मागे दळणारं विजेचं यंत्र बसवलेलं असतं. फ्लश केल्यावर गिरणीसारखा घरघर आवाज आला की समजा. त्यात कागदाखेरीज काहीही गेलं की तुंबतं.

गरम पाणी बहुतेक घरांत साठवणीच्या विजेच्या टाकीतून येतं. ती रात्री स्वस्त विजेच्या वेळात तापते आणि मग तेवढंच पाणी दिवसभर पुरवायचं. पन्नास लिटरच्या टाकीत दोन लांबलचक अंघोळी होतात, तिसऱ्याला गार पाणी. पाच जणांच्या घरात निम्म्यांनी सकाळी आणि निम्म्यांनी रात्री, अशी वाटणी पहिल्या दिवशीच करून टाका.

स्वयंपाकघर

शेगडी इंडक्शनची असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघा. चिकटला तर न्या. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, गोल बुडाची कढई दोन्हीकडे निकामी. पोळपाट-लाटणं न्यायची गरज नाही, वाइनच्या बाटलीने पोळ्या चांगल्या लाटता येतात. मिसळणाचा डबा मात्र न्या.

काय न्यायचं नाही तेही बघा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चीज बॅगेत नको. ताज्या भाज्या, बहुतेक फळं, कढीपत्ता यांनाही रोपस्वास्थ्याचा दाखला लागतो. कोरडे मसाले, पोहे, डाळी, मेतकूट, लोणचं यांना सहसा अडचण येत नाही. लोणचं तेवढं नीट बंद करा, कपड्यांच्या दृष्टीने.

फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा गजर बसवणं मार्च २०१५ पासून सक्तीचं आहे. शेगडीवरची चिमणी बऱ्याच घरांत धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडते. म्हणून लाल मिरचीची फोडणी देताना आधी खिडकी उघडा, चिमणी पूर्ण वेगात, आणि तेल जेमतेम तापलं की लगेच. मिरच्या भाजून ठेचा करायचा बेत मायदेशी परतेपर्यंत पुढे ढकला.

ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की मेन स्विच उडू शकतो, छोट्या घरांचा वीजभार बेताचाच असतो. फ्यूजचा डबा बहुधा मुख्य दाराजवळ, कधी कपाटात लपवलेला. कुठे आहे ते उजेडात बघून ठेवा. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो. तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्याला ॲडॅप्टर हवा.

बाजारहाट

जुन्या गावातला कूर सालेयाचा बाजार मंगळवार ते रविवार सकाळी भरतो, सोमवारी तिथे भाजीऐवजी जुन्यापान्या वस्तू असतात. सुंदर आहे, पण महाग. रोजच्या भाजीला लिबेरासियाँचा बाजार गाठा, सोमवारी तोही बंद असतो. भाजी स्वतःच्या हाताने उचलून दाबून बघू नका, विक्रेत्याला दाखवा, तो देईल. बाकी किराणा कुठल्याही सुपरमार्केटात. बेसन म्हणजे ‘फारिन द प्वा शिश’, मसूर डाळ म्हणजे ‘लांतीय कोराय’, हळद ‘कुर्कुमा’, जिरं ‘क्युमॅं’. बेसन इथे नवलाचं नाही, कारण नीसचा अस्सल पदार्थ ‘सोका’ त्याचाच असतो: बेसन, पाणी आणि ऑलिव्ह तेल कालवून मोठ्या ताटात घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. आपल्या धिरड्याचा कडा करपलेला भाऊच तो, आणि पूर्ण शाकाहारी. भोपळ्याच्या जातीतल्या कुर्जेतच्या फुलांची भजीही मिळतात. ‘पिसालादियेर’ वरून कांद्याची वाटते, पण तिच्यात अँकोव्ही मासा असतो. सालाद निस्वाजमध्येही मासा असतो, शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्या.

रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद, १ मेला तर जवळपास सगळंच. दूध, ब्रेड आदल्या दिवशी भरून ठेवा. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या उचलून चौथ्या मजल्यावर नेण्यात काही अर्थ नाही.

शेजारी, कचरा, खिडक्या

त्या इमारतीत माणसं कायमची राहतात आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या पाहुण्यांना ती आधीच कंटाळलेली असतात. जिन्यात कुणी भेटलं की ‘बाँझूर’ म्हणायचंच, संध्याकाळी ‘बाँस्वार’. न बोलता पुढे गेलात तर तो उद्धटपणा धरला जातो. रात्री दहा ते सकाळी सात आवाजाबाबत लोक फार काटेकोर असतात, पोलीस आले तर ६८ युरो दंड. जुन्या घरांत लाल षटकोनी फरश्या असतात, त्यांवरून खुर्ची सरकली तरी खाली ऐकू जातं, तेव्हा घरात अनवाणी किंवा मोज्यांवर. भारतात फोन लावायचा तर सकाळी लावा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. रात्रीच्या शांततेत स्पीकरवर कुणाशी मोठ्याने बोलणं नको.

कचऱ्याचे डबे तळमजल्यावरच्या खोलीत किंवा अंगणात. पिवळ्या झाकणाच्या डब्यात खोकी, प्लास्टिक, कागद; बाकी दुसऱ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या वेगळ्या कुंडीत, आणि त्याही दिवसा, कारण रात्री त्या खळ्ळकन पडल्या की अख्खी गल्ली जागी होते. पिशवी बाल्कनीत ठेवली तर समुद्रपक्षी ती फाडतात.

खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची झडपं असतात आणि त्यांचा खालचा तुकडा वेगळा बाहेर ढकलून तिरका लावता येतो. दुपारी झडपं मिटून हा तुकडा उघडा ठेवायचा: ऊन बाहेर, वारा आत, आणि खालचा रस्ताही दिसतो. संध्याकाळी पूर्ण उघडा. जाळ्या मात्र क्वचितच असतात, आणि टायगर डास या किनाऱ्यावर २००४ पासून ठाण मांडून आहे. तो दिवसा चावतो. मलम बरोबर ठेवा.

दुपारी बाराच्या ठोक्याला धडाम आवाज झाला तर घाबरू नका. किल्ल्याच्या टेकडीवरून रोज दुपारचा बार होतो, एकोणिसाव्या शतकापासूनची रीत आहे. मुलांना आधी सांगून ठेवा, आजी-आजोबांनाही.

समुद्रावर

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालवत नाही आणि पाणी दोन पावलांत खोल होतं. रबरी बूट प्रत्येकासाठी घ्या, लहान मुलाचा हात सोडू नका. गाद्या-छत्र्यांचे पट्टे खासगी, त्यांचे पैसे. मधले सगळे मोकळे पट्टे फुकट. फ्लॅट जवळ असण्याचा खरा फायदा इथे कळतो. पाकीट, पासपोर्ट घरी ठेवून एक किल्ली आणि टॉवेल घेऊन जाता येतं, दुपारी जेवायला परत, संध्याकाळी पुन्हा. गोटे कितीही गुळगुळीत असले तरी बॅगेत भरू नका, किनाऱ्यावरून ते नेणं कायद्याने मना आहे.

निघताना

आल्या दिवशी सामान उघडण्याआधी प्रत्येक खोलीचा, शेगडीच्या काचेचा, गादीचा व्हिडिओ काढून ठेवा आणि काही तुटलेलं दिसलं तर लगेच मालकाला मेसेज करा. निघायच्या सकाळी तसाच दुसरा व्हिडिओ. घर सोडायची वेळ दहा-अकराची असते आणि साफसफाईवाले दारात उभे असतात, तेव्हा रात्रीच फ्रीज रिकामा करा. उरलेली डाळ सिंकमध्ये ओतू नका. पहाटेचं विमान असेल तर बॅगा जिन्यावरून उचलून न्या, चाकांवरून नको. किल्ली कुठे ठेवायची हे मालकाकडून आदल्या दिवशी लेखी घ्या आणि ठेवल्यावर त्याला फोटो पाठवा. अनामतीची रोखलेली रक्कम काही दिवसांत आपोआप सुटते. पंधरवड्यानंतरही सुटली नसेल, तर आधी संकेतस्थळाकडे आणि मग बँकेकडे तक्रार करा, दोन्ही व्हिडिओ जोडून.